गोळा कुणाकडं आहे

देवगावकरांच्या घराण्यात दिलेला शब्द आजवर कुणी मोडलेला नाही. याचं मुख्य कारण असं, की केशवराव आणि नरहरी या दोघा सख्ख्या भावांनी गेल्या अडतीस वर्षांत एकमेकांना शब्दच दिलेला नव्हता. त्यातली सुरुवातीची काही वर्षं थोडा अपवाद. तेव्हा केशवराव पोटूळला स्टेशन मास्तर होते आणि नरहरी शेजारच्या लासूरला, आणि दोन शेजारी स्टेशनांचे मास्तर बोलले नाहीत तर गाड्या उभ्या राहतात. त्यामुळं दोघं फोनवर ‘लाइन क्लिअर देता का’, ‘दिली’ एवढं बोलायचे, तेही एकमेकांना अहो-जाहो करून, आणि ड्यूटी संपली की पुन्हा अबोला. पुढं छोटी लाइन उखडून मोठी आली, नरहरींची बदली झाली आणि तेवढंही बोलणं राहिलं नाही. रेल्वेनं रुळांमधलं अंतर वाढवलं. भावांमधलं वाढवायला काही शिल्लक नव्हतं.

आज रविवारी सकाळी पडेगावच्या शेडमध्ये त्यांना समोरासमोर आणायचं ठरलं होतं. नीट सांगायचं तर अगदी समोरासमोर नाही. शेडच्या एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरा आणि मध्ये छोट्या लाइनीचे रूळ. एवढं अंतर पुरे, असं भानुमतीबाईंचं मत होतं, आणि केशवरावांशी उभा जन्म संसार केलेला असल्यामुळं अंतराच्या बाबतीत त्यांचं मत घरात मानलं जाई.

प्लॉट मूळचा आबांचा, म्हणजे दोघांच्या वडिलांचा. कागदावर आता दोघा भावांची नावं. एकानं काही करायचं म्हटलं की दुसऱ्याची सही लागणार, सही मागायची तर बोलावं लागणार, म्हणून कित्येक वर्षं त्या जागेवर बाभळींशिवाय कुणी काही केलं नव्हतं. मग निवृत्त रेल्वेवाल्यांचं ‘छोटी लाइन जतन मंडळ’ निघालं, केशवराव त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कुणालाही न विचारता तिथं पत्र्याची शेड ठोकली. भंगाराच्या लिलावांतून, जुन्या क्वार्टरांच्या माळ्यांवरून आणि काही अशा ठिकाणांहून, ज्यांच्याबद्दल मंडळात बोलायची पद्धत नव्हती, वस्तू जमत गेल्या. सिग्नलचे हात, तिकिटावर तारीख ठोकायचं यंत्र, रॉकेलचे कंदील, ‘पोटूळ’ अशी पाटी, एक ढकलायची ट्रॉली. दर हिवाळ्यात मंडळाचे सदस्य कमी होत आणि वस्तू वाढत, कारण गेलेल्या सदस्याचं सामान मुलं शेडवर आणून टाकत.

आता मंडळाला शेडचं रीतसर संग्रहालय करायचं होतं आणि त्यासाठी नरहरींची संमती हवी होती. केशवरावांच्या मुलाला, विश्वजितला, तो प्लॉट एका लॉन्सवाल्याला विकायचा होता आणि त्यासाठीही नरहरींचीच संमती हवी होती. पडेगावच्या बाजूला हल्ली दर दोन प्लॉटांआड लग्नाचं लॉन्स उभं राहत होतं आणि आपणच तेवढे इतिहास घेऊन बसलोय, हे विश्वजितला सोसत नव्हतं. त्याचा हिशेब साधा होता. काका संग्रहालयाला नाही म्हणाले, की अण्णा, म्हणजे केशवराव, रागानं समोर येईल त्या कागदावर सही करतील. अण्णांचे आयुष्यातले सगळे व्यवहार असेच झालेले होते.

नरहरींना बोलावलं भानुमतीबाईंनी. अबोला भावांचा होता. वहिनीचा दिवाळीचा फोन चुकलेला नव्हता. त्यात पथ्य एकच, जुना विषय काढायचा नाही. घरात महत्त्वाच्या विषयांवर न बोलण्याची रीत होती आणि ती सगळ्यांनी इमानानं पाळली होती. भानुमतीबाईंनी फोनवर इतकंच सांगितलं, की गोळ्याची, म्हणजे गाडी सोडायची परवानगी देणारी, दोन्ही यंत्रं दुरुस्त झाली आहेत, रविवारच्या कार्यक्रमात ती चालवून दाखवायची आहेत, आणि त्याला दुसऱ्या बाजूला कुणीतरी मास्तर लागतो. त्या लाइनीवरचे बाकीचे मास्तर एकतर वारले आहेत किंवा पुण्याला मुलांकडे राहतात, म्हणजे कामाच्या दृष्टीनं सारखंच. नरहरींनी एवढंच विचारलं, यंत्रातली बॅटरी कोणती आहे. तेव्हा भानुमतीबाईंना कळलं की भाऊजी येणार.

ते आले वैजापूरहून, मुलीच्या गाडीतून. रत्नमाला ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवरा कांद्याचा व्यापारी, त्यामुळं भाव पडले तरी चेहरा न पडू देण्याची तिला सवय होती. नरहरींनी पांढरा सदरा घातला होता, खिशाला पेन. शेडमध्ये आल्यावर त्यांनी मंडळींना नमस्कार केला, वहिनीच्या पाया पडले, पाट्या वाचल्या, सिग्नलच्या हाताला बोट लावून रंग पाहिला आणि लासूरच्या टोकाला जाऊन खुर्चीवर बसले. पोटूळच्या टोकाला केशवराव जुनी टोपी घालून बसलेलेच होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं जाणार नाही याची दोघांनीही व्यवस्थित काळजी घेतली होती.

मधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मंडळाचे म्हातारे बसले होते. त्यांना ‘त्या डब्याचा प्रकार’ पाठ होता. देवगावकरांचं भांडण जेवणाच्या डब्यावरून झालं, हे साऱ्या लाइनीला माहीत होतं. आबा घरी वारले त्या दिवशी दोघंही आपापल्या स्टेशनावर ड्यूटीवर होते; केशवराव दुपारी घरी आले, नरहरी लासूरलाच राहिले. मावळतीपर्यंत मंडळी त्यांच्यासाठी थांबली. ते आले नाहीत. केशवरावांनी एकट्यानं अग्नी दिला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ओटीवर माणसं सतरंजी टाकून बसलेली असताना, नरहरी दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, काल माझ्या डब्याचं काय झालं?” केशवराव उठले आणि त्यांनी धाकट्या भावाला दारातूनच परत पाठवलं. तेव्हापासून आजवर एवढंच.

शेडच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी, विश्वजितनं रत्नमालेला गाठलं. ती दोघं महिन्यापूर्वी वैजापूरला भेटली होती, प्लॉट विकायचा आणि काकांची त्यावरची सही रत्नमालेनं मिळवायची यावर दोघांचंही एकमत झालं होतं, आणि चुलतभावंडांचं एकमत झाल्याचं या घराण्यातलं ते बहुधा पहिलंच उदाहरण असल्यामुळं दोघांनीही ते लपवून ठेवलं होतं.

“संग्रहालयाच्या कागदावर काका सही नाही करणार ना?” विश्वजितनं विचारलं.

“बॅटरी बघायला आलेत, असं म्हणाले मला. बाकी वाटेत एक शब्द नाही. करंजगाव आलं तेव्हा तेवढं खिडकीची काच खाली केली.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला काय माहीत, दादा. माणूस हवाही घेतो.”

विश्वजितला हवा घेणं हे काही चांगलं लक्षण वाटलं नाही. तेवढ्यात त्याची बायको मंजुषा चहाची किटली घेऊन टाकीपाशी आली, दोघांकडं पाहिलं आणि काही न विचारता किटली घेऊन परत गेली. विचारलं नाही म्हणजे तिला कळलं, हे विश्वजितला लग्नाच्या अनुभवावरून कळलं.

मंजुषा संग्रहालयाच्या बाजूची होती. इतिहासाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. शेड होण्याआधी ही यंत्रं घरात होती, एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघराच्या दारात. केशवराव हॉलमधून घंटा वाजवत, तिनं पोळ्या लाटता लाटता दुसऱ्या हातानं बटण दाबून धरावं अशी त्यांची अपेक्षा असे, आणि तिनं बटण लवकर सोडलं तर ते शांतपणे सांगत, की आत्ता मालगाडी आणि पॅसेंजर समोरासमोर आल्या. अशा बऱ्याच टकरी तिच्या हातून झाल्या होत्या. शेड झाल्यापासून सासरे सकाळी जेवून जात आणि संध्याकाळी येत. या प्रश्नावर लग्नानंतर पहिल्यांदाच तिचं आणि सासूबाईंचं एक मत पडलं होतं, आणि ते टिकावं म्हणून ती आज चौदा माणसांचा चहा एकटी करत होती. आता तिनं सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, की टाकीपाशी दोघांची काहीतरी बोलणी चालली आहेत. भानुमतीबाई म्हणाल्या, “चालू दे. सही काही टाकीपाशी होत नसते.”

कार्यक्रम सुरू झाला. मंडळाच्या वतीनं रामकिसननं माहिती सांगितली. रामकिसन हा देवगाव रंगारीचा, कोळशाच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागला आणि ड्रायव्हर म्हणून उतरला. आता गावी शेती बघतो आणि शेतीपेक्षा शेड जास्त बघतो, अशी त्याच्या बायकोची, साळूबाईची, तक्रार होती.

“हे बघा,” तो म्हणाला, “छोट्या लाइनीला रूळ एकच. जाणारी गाडी त्याच्यावरच, येणारी त्याच्यावरच. मंग टक्कर नाय व्हायची तर काय? तर ड्रायव्हरच्या हातात ह्यो लोखंडी गोळा पाह्यजे. गोळा असंल तरच पुढच्या स्टेशनाला निघायचं. आन ह्यो गोळा मास्तरला एकट्याला काढता येत नाय. पुढचा मास्तर तिकडून बटण दाबून धरंल, तवाच इकडं गोळा पडतो. एक गोळा भाइर असंल तवर दुसरा कुन्याच यंत्रातून निघत नाय. लई हुशार माणसानं केल्यालं हाय.”

दोघांपैकी कुणालाही एकट्याला काहीही करता येऊ नये अशी ही रचना. सामायिक जमिनीचा कायदाही याच तत्त्वावर आहे. फक्त त्यात घंटा नाही.

केशवरावांनी घंटा दिली. लासूरच्या टोकाला घंटा वाजली. फोनचा दांडा फिरवला गेला. प्रेक्षकांना ऐकू यावं म्हणून विश्वजितनंच फोन लाउडस्पीकरला जोडून दिला होता. मंडळ नको असलं तरी वायरिंग नीट हवं, असा त्याचा स्वभाव होता.

“लासूर, पोटूळ बोलतोय. लाइन क्लिअर देता का?”

“दिली.”

म्हाताऱ्यांमधून एक बारीक हुंकार उठला. नरहरींनी बटण दाबून धरलं, केशवरावांनी मूठ फिरवली आणि यंत्राच्या पोटातून खडखडत गोळा खाली आला. टाळ्या झाल्या. केशवरावांनी तो चामड्याच्या पिशवीत घातला, पिशवी वेताच्या कडीला अडकवली आणि कडी रामकिसनच्या हातात दिली. रामकिसन ट्रॉलीवर उभा राहिला, मंडळातल्या दोघांनी ट्रॉली ढकलली आणि गाडी पोटूळहून निघून, काही सेकंदांत, कसलाही अपघात न होता लासूरला पोचली. नरहरींनी उभं राहून कडी घेतली, गोळा काढला.

आता त्यांनी तो आपल्या यंत्रात टाकायचा होता. टाकला की घंटा वाजणार, लाइन मोकळी, मग उलट बाजूची गाडी, मग चहा.

नरहरींनी गोळा यंत्रात टाकला नाही. हातात धरून ते खाली बसले.

सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग मंडळाचे एक सदस्य म्हणाले, नरहरी विसरले. दुसरे म्हणाले, लासूरचा मास्तर विसरणं शक्य नाही. पुढची गाडी दाखवायची म्हणून विश्वजितनं सुचवलं, की पोटूळच्या यंत्रातून दुसरा गोळा काढू. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हर आहे का विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडं पाहणंच सोडलं. मंजुषा चहाचे पेले घेऊन निघाली होती. केशवरावांनी हात वर करून तिला थांबवलं. सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, गाडी असताना चहा नाही. चहाचा आणि सेक्शनचा संबंध काय, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण आज तिला सासऱ्यांच्या बाजूनं राहायचं होतं.

रत्नमाला उठून बापाच्या शेजारी जाऊन बसली. बाबांच्या हातातला गोळा तिनं पाहिला. आता बाबा उठतील, गोळा टेबलावर ठेवतील, चल म्हणतील, आणि विश्वजितचं काम होईल, असं तिला वाटलं. आणि आपल्याला ते व्हायला नको आहे, असंही तेव्हाच वाटलं. हे दुसरं तिच्या हिशेबात नव्हतं.

केशवराव भावाशी बोलत नव्हते. पण लासूरशी बोलायला त्यांना कुठलाही नियम आडवा येत नव्हता. त्यांनी फोनचा दांडा फिरवला.

“लासूर. गाडी पोचली का?”

“पोचली.”

“मग गोळा आत टाका. सेक्शन मोकळा करा.”

“नाही टाकत.”

शेडमध्ये पत्रा तापल्याचा टक टक आवाज येत होता. तो आता ऐकू यायला लागला.

“कारण सांगा,” केशवराव म्हणाले.

“कारण तुम्ही सांगा. त्या दिवशी सकाळपासून तीन गाड्यांना लाइन क्लिअर मागितलीत माझ्याकडं. तीनदा ह्याच फोनवर बोललात. गाडीचा नंबर सांगितलात, सुटल्याची वेळ सांगितलीत. आबा गेले, एवढं तेवढं नाही सांगितलंत.”

विश्वजितचा हात लाउडस्पीकरच्या बटणाकडं गेला. भानुमतीबाई म्हणाल्या, “राहू दे.”

“ब्लॉकचा फोन गाडीसाठी असतो,” केशवराव म्हणाले. “त्याच्यावर घरचं बोलत नाहीत. तुम्हाला ठाऊक आहे. घरचा निरोप गाडीबरोबर पाठवायचा असतो. मला पॅसेंजरच्या गार्डानं येऊन सांगितलं, मी मालगाडीच्या ड्रायव्हरबरोबर तुम्हाला कळवलं. तुमच्याकडं ती थांबत नव्हती म्हणून जाता जाता ओरडून सांग म्हटलं. त्यानं सांगितलं. तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभं राहून हिरवी झेंडी दाखवलीत.”

“झेंडी मी प्रत्येक गाडीला दाखवतो. कोण ड्रायव्हर?”

केशवरावांनी ट्रॉलीकडं पाहिलं. नाव घ्यायची गरज नव्हती. दोन्ही स्टेशनांच्या बरोबर मध्ये, रिकाम्या ट्रॉलीवर हात ठेवून, रामकिसन उभा होता.

“म्या व्हतो साहेब,” तो म्हणाला. “म्या ओरडलो. आबा गेले म्हनून. दोनदा ओरडलो.”

नरहरींनी फोन कानापासून बाजूला केला आणि पहिल्यांदाच थेट शेडमध्ये पाहिलं. “तू ओरडलास, डबा गेला.”

“नाय साहेब. आबा गेले.”

“डबा गेला. मी ऐकलं ना.”

“इंजिनाचा आवाज लई व्हता,” रामकिसन हळूच म्हणाला. “वाफेचा ब्लोअर चालू व्हता. पर म्या आबाच म्हनलो. डब्याचं कशाला सांगन म्या?”

“कारण डबा गाडीनंच यायचा माझा. वहिनी पाठवायच्या. मला वाटलं पॅसेंजरऐवजी चुकून तुझ्या मालगाडीत ठेवला, आणि न थांबता पुढं गेला. मी करंजगावला फोन लावून विचारलं, डबा आलाय का. ते नाही म्हणाले. पुढं परसोड्याला विचारायला सांगितलं.” ते थांबले. “सगळ्या लाइनीवर माझा डबा शोधत होते त्या दिवशी.”

खुर्च्यांवरचे एक-दोघे म्हातारे मान हलवायला लागले. त्यांना आठवत होतं. डबा त्यांनी शोधला होता.

केशवराव अजून फोन धरून होते. त्यांचा आवाज स्पीकरमधून आला. “त्यानंतर तुम्हीच फोनवर म्हणालात, निरोप मिळाला, काळजी करू नका, मी बघतो. मला वाटलं, माझ्यासारखेच बदली माणूस मागवून निघताय. मंडळी मावळतीपर्यंत थांबली.”

“डब्याचं बघतो म्हणालो होतो मी,” नरहरी फोन पुन्हा तोंडाशी धरून म्हणाले.

“आणि दुसऱ्या दिवशी दारात येऊन…”

“दिवसभर उपाशी होतो, दादा. दारात माणसं दिसली, मला काही सुचेना, तोंडातून तेच आलं. तू उठलास आणि म्हणालास, चालता हो. आबा गेल्याचं मला शेजारच्या गोजरबाईंनी सांगितलं. रस्त्यात.”

तो ‘तू’ पहिल्यांदा स्पीकरमधून आला तेव्हा रत्नमालेनं वर पाहिलं. बाबा मोठ्या काकांना ‘तू’ म्हणतात, हे तिला माहीतच नव्हतं. विश्वजितनंही वर पाहिलं, आणि दोघांची नजरानजर झाली, आणि महिन्यापूर्वी वैजापूरला झालेलं त्यांचं एकमत तिथंच, कुणी काही न बोलता, विरलं.

मग भानुमतीबाई खुर्चीतून उठल्या. त्या फोनपाशी गेल्या नाहीत, कारण त्यांना फोनची गरज नव्हती.

“नरूभाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी डबा पाठवलाच नव्हता. आबा पहाटे गेले होते. चूल कोण पेटवणार होतं?”

हे इतकं उघड होतं की इतकी वर्षं ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या डब्यावरून दोन घरं तुटली, करंजगावपासून परसोड्यापर्यंत जो शोधला गेला, तो डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा होता. पहिल्यांदा हसले ते नरहरी. ते हसणं आहे की आणखी काही, हे रत्नमालेला लगेच कळेना. तिनं पदर पुढं केला आणि मग ते डोळे पुसत हसतच राहिले तेव्हा मागं घेतला. म्हाताऱ्यांना जरा उशिरा हसू आलं, पण आलं तेव्हा मनापासून आलं. रामकिसन तेवढा हसत नव्हता. तो ट्रॉलीवर बसला होता.

“म्हंजे ह्ये सगळं माझ्या आवाजापायी?” तो म्हणाला.

“तुझ्या नाही,” केशवराव म्हणाले. “ब्लोअरच्या.”

केशवराव माफी मागणाऱ्यांतले नव्हते, आणि माफी मागायची तर ती कुठल्या कलमाखाली, हेही त्यांना ठरवता आलं नसतं. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. डोकं बरंच लहान दिसायला लागलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ब्लॉकचा फोन घरच्या कामासाठी वापरला.

“नरू,” ते म्हणाले. “जेवलास का?”

“नाही.”

“मग गोळा टाक की आत. तू टाकल्याशिवाय मी चहासुद्धा देऊ देत नाहीये इथं.”

नरहरींनी गोळा यंत्रात टाकला. मूठ फिरवली. पोटूळच्या टोकाला घंटा वाजली, आणि मंजुषानं, कुणाच्या परवानगीची वाट न पाहता, पेले फिरवायला सुरुवात केली. ते गार झाले होते. कुणी तक्रार केली नाही.

नंतरचं सगळं अंगावरचं ओझं उतरल्यासारखं सहज झालं. नरहरी साठ पावलं चालून पोटूळला आले. भाऊ भावाला भेटला, म्हणजे दोघं शेजारी बसले आणि यंत्राची बॅटरी या विषयावर बोलले. नरहरींच्या मते ती कमी दाबाची होती. केशवरावांनी ते मान्य केलं; त्यांनी दुसऱ्याचं काही मान्य केल्याचं मंजुषानं त्या घरात आल्यापासून पाहिलं नव्हतं. भानुमतीबाईंनी पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढला आणि दिराच्या मांडीवर ठेवला. नरहरींनी झाकण उघडून आधी आत पाहून घेतलं.

शेडचा विषय केशवरावांनी काढलाच नाही. नरहरींनी काढला. घास तोंडात असतानाच ते म्हणाले, संग्रहालयाच्या कागदावर कुठं सही करायची ते दाखवा, दादाला उगाच बोलायला लावू नका, तो बोलून दमलाय. मंडळाच्या माणसानं कागद पुढं केला. नरहरींनी खिशाचं पेन काढलं, सही केली, आणि सवयीनं खाली वेळही घातली.

रत्नमाला विश्वजितजवळ आली. “मला नाही जमणार ते आता,” ती म्हणाली. “त्या लॉन्सवाल्याला तू सांग. मी नवऱ्याला सांगते.”

“मीही नाही म्हणणारच होतो,” विश्वजित म्हणाला. हे खोटं होतं, पण म्हणता म्हणता खरं वाटायला लागलं. सकाळपासून त्याच्या खांद्यांत जे काही आवळून आलं होतं ते सुटलं होतं. बायकोशी, आईशी, अण्णांशी, काकांशी आणि मंडळाच्या उरलेल्या म्हाताऱ्यांशी एकाच वेळी लपवाछपवी करणं हे नोकरीपेक्षा जड काम आहे, हे त्याला ते संपल्यावर कळलं. मंजुषानं त्याला गार चहा दिला आणि म्हणाली, “झालं का टाकीपाशीचं?” तो म्हणाला, झालं. तिनं पुढं काही विचारलं नाही, आणि या वेळी ते चांगलं होतं.

लॉन्सवाल्याला तोंड कसं द्यायचं, ही एकच गोष्ट राहिली होती. शब्द दिलेला होता. देवगावकरांच्या घराण्यातला शब्द मोडणारा पहिला माणूस म्हणून आपलं नाव राहणार, अशी तयारी करून विश्वजित शेडबाहेर बाभळीखाली गेला आणि त्यानं फोन लावला. घरात एकमत झालं नाही, वडील आणि काका दोघांचीही इच्छा नाही, तुमचा वेळ घेतला त्याबद्दल माफ करा, असं सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडचा माणूस शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, मीच तुम्हाला फोन करणार होतो साहेब, गेल्या आठवड्यापासून राहून गेलं, आपलं तसंही जमणारच नव्हतं. मोजणीवाला येऊन गेला. लॉन्सच्या परवानगीला समोर बारा मीटरचा रस्ता लागतो. तुमच्या प्लॉटसमोरचा नऊ मीटरचा आहे.